खंजेरीचा सौदा

आश्विन लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या भजनी मंडळांची खंजेऱ्यांसाठी धावपळ सुरू होते. वद्य पंचमीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. तोवर धान निसवलेलं असतं, बांध्यांतली कामं थोडी ओसरलेली असतात, आणि गावोगावची गुरुदेव सेवा मंडळं फळीवरची पेटी खाली काढून बघतात तर एका खंजेरीचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, दुसरीच्या झांजा निखळलेल्या. पूर्वी अशा वेळी नागपूरला जाणारा कोणी गाठून त्याच्यावर काम सोपवत. आता मोबाइल काढतात. विकणारा कुठेही असो, फोटो पहाटे येतो आणि सामुदायिक ध्यान आटोपून माणूस चहाला बसेपर्यंत भाव सुरू झालेला असतो.

आमच्या ओळखीच्या मंडळांसाठी ही खरेदी बहुतेक वेळा माझ्याकडे येते. कारण साधं आहे, मला घासाघीस करायला आवडते. नवीन खंजेरीत मात्र घासाघिशीला जागाच उरलेली नाही. छापील किंमत, प्लास्टिकचं पान, पत्र्याच्या झांजा, घरपोच. खरी मजा जुन्या वाद्यात. आणि खरी पंचाईतही तिथेच.

खंजेरी म्हणजे आमच्याकडे निव्वळ वाद्य नाही, हे बाहेरच्या विकणाऱ्याला कळत नाही. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या माणिक नावाच्या मुलाने, म्हणजे पुढच्या तुकडोजी महाराजांनी, तिच्यावर भजनं म्हणत सगळा विदर्भ पालथा घातला. चिमूरच्या आसपासच्या जंगलात तो राहिला, त्या गावांनी त्याला ऐकलं. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर पेटलं तेव्हा त्या ठिणगीचं मोठं श्रेय महाराजांच्या भजनांना दिलं गेलं. त्याच महिन्यात इंग्रज सरकारने त्यांना चंद्रपुरात अटक केली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. वीतभर व्यासाचं लाकडी कडं, एका तोंडावर कातडं, कडेला चार झांजा, एवढ्याशा ऐवजाची सरकारला धास्ती वाटावी हे आजही नवल वाटतं. पुढे अकोटकडचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या मांडून त्यांच्यावर गावांना व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा ऐकवत राहिले. त्यामुळे आमच्याकडे जुनी खंजेरी म्हटली की मंडळातले म्हातारे सावरून बसतात. तिने काय काय ऐकवलं असेल, हा त्यांचा पहिला विचार असतो. विकणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं.

तर विकणाऱ्याचा संदेश साधारण असा असतो: ‘अँटिक पीस. शंभर वर्षं जुनी. ओरिजिनल घोरपडीचं कातडं. लास्ट प्राइस बोला.’

यातल्या पहिल्या तीन वाक्यांत त्याने तीन गुण सांगितले असं त्याला वाटतं. माझ्या मते त्याने तीन अडचणी सांगितल्या. सगळ्यात मोठी तिसरी, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

पुष्कळ जुन्या खंजेऱ्यांवर घोरपडीचं कातडं असे, ही गोष्ट खरी. ते पातळ असतं, चिवट असतं, आणि डाव्या हाताच्या बोटांनी मागून दाबलं की आवाज खाली-वर घेता येतो. दक्षिणेतल्या कर्नाटक संगीतातली खंजिरा याच गुणावर उभी राहिली. खंडोबाच्या वाघ्याची दिमडीही कित्येकदा याच कातड्याने मढवलेली असे. जाणकार वादक अजूनही सांगतात की बकरीच्या कातड्याला तो लवचीकपणा येत नाही. असेल. मी वाद घालत नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि घोरपड आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या, तरी घोरपड तिथेच राहिली. दंड मात्र वाढला. या अनुसूचीतल्या प्राण्याचा किंवा त्याच्या अवयवाचा व्यवहार केला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. विकणारा गुन्हेगार, घेणाराही गुन्हेगार, आणि पार्सलात बसलेली ती खंजेरी म्हणजे मुद्देमाल. ती आजोबांनी मढवली होती की पणजोबांनी, याने विक्री कायदेशीर होत नाही.

हे विकणाऱ्याला फोनवर समजावून सांगणं म्हणजे एक वेगळाच प्रयोग असतो.

‘भाऊ, कातडं कोणाचं आहे?’

‘घोरपडीचं जी. आजाच्या वेळचं. आता असं भेटत नाही.’

‘भेटत नाही म्हणूनच घेता येत नाही. कायद्याने बंदी आहे.’

थोडा वेळ शांतता. मग, ‘बरं, पाचशे कमी द्या.’

‘पैशाचं नाही हो. हे विकणं गुन्हा आहे, तुमच्यासाठीसुद्धा.’

‘ठीक आहे ना जी, हजार कमी. आता तर घेऊन टाका.’

मी कायदा सांगतो आणि त्याला वाटतं की हा गडी भाव पाडतो आहे. मी जितका ठाम होतो तितका तो खाली येतो. इतकी यशस्वी घासाघीस मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वस्तूची केली नसेल, आणि नेमकी हीच वस्तू फुकट मिळाली तरी घ्यायची नाही! त्याची चूक म्हणावी तर तसंही नाही. त्याच्या घरात ती खंजेरी पिढ्यान्‌पिढ्या खुंटीवर होती, कोणी काही बोललं नाही. फोटो काढून तो जगासमोर टाकला त्या दिवशी ती घरातली वस्तू राहिली नाही, विक्रीचा माल झाली, आणि जाहिरातीचा पुरावा त्याने स्वतःच तयार केला.

ऑनलाइन बाजाराचा हा एक विचित्र गुण आहे. चोरटा धंदा अंधारात होतो असं आपण समजतो. इथे तो भर उजेडात होतो, कारण विकणाऱ्याला आपण काय विकतो तेच पुरतं माहीत नसतं, घेणाऱ्यालाही नसतं. २०१७ साली उघडकीला आलं की ‘हत्थाजोडी’ नावाची दुर्मिळ, धनलाभ करून देणारी मुळी म्हणून इंटरनेटवर जे राजरोस विकलं जात होतं ते प्रत्यक्षात नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय होतं. लोक ते देवघरात ठेवून धूप दाखवत होते. मुळी समजून.

मराठी माणसाचं घोरपडीशी नातंही मजेचं आहे. सिंहगडाची गोष्ट सांगताना तिला दोर बांधून कड्यावर चढवतो, ‘यशवंती’ म्हणून तिचं कौतुक करतो, घोरपडे म्हणून आडनाव मिरवतो, आणि ती खरीखुरी परसात आली की काठी शोधतो. ताडोब्यात वाघासाठी पहाटे चारला उठून आलेला पर्यटक जिप्सीसमोरून घोरपड गेली तर कॅमेराही उचलत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी आपण पाहिला, याची नोंद त्याच्या डोक्यात होत नाही.

गोव्याने या प्रश्नाचं काय केलं ते आपल्याला उपयोगी आहे. तिथलं घुमट हे मातीचं, दोन्ही बाजूंनी उघडं भांडं. त्याचं मोठं तोंड परंपरेने घोरपडीच्या कातड्याने मढवत. आरती, जागर, शिगमो, मांडो, हिंदू आणि ख्रिस्ती दोघांच्याही घरांत ते वाजतं. कायदा आला आणि घुमट कात्रीत सापडलं. वाजवावं तर गुन्हा, सोडावं तर सण मुका. अनेक वर्षं चोरूनमारून चाललं. मग कारागिरांनी बकरीच्या कातड्यावर हात बसवला, वादकांनी कान बसवला, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं. आवाज तोच राहिला का? जुने वादक नाही म्हणतात. पण गणपतीत आज गोव्यात घुमट घुमतं, आणि बकरीच्या कातड्यावर घुमतं. माझ्या लेखी तो वाद तिथे मिटला.

आता ‘शंभर वर्षं जुनी’ याकडे येऊ. पुरावस्तूंचा कायदाही १९७२ चाच. ऐतिहासिक किंवा कलेच्या दृष्टीने मोल असलेली, १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून मी विकणाऱ्याला विचारतो, शंभर म्हणजे मोजून शंभर का? तो लगेच ऐंशीवर येतो. मग साठ. मग ‘जुनी आहे, पण.’ दावा खरा असेल तर त्याच्याकडे परवाना हवा, आणि खोटा असेल तर त्याने त्या दाव्याची किंमत लावू नये. एवढं एक वाक्य नम्रपणे बोललं की भावातली हवा बरीच निघते. ही युक्ती वाचकांनी खुशाल वापरावी.

पाश्चात्त्य देशांत जुन्या ड्रमचा बाजार फार मोठा आहे आणि तिथे वय ठरवायची सोय आहे. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्सचा रिंगो स्टार एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात लुडविग कंपनीचा संच वाजवताना अमेरिकेने पाहिला आणि त्या संचांना एकदम मागणी आली. आज त्या काळातला लुडविग विकताना माणसं पिंपावरचा धातूचा बिल्ला दाखवतात. १९६३ च्या अखेरीपासून कंपनी त्यावर क्रमांक ठोकू लागली होती. मग तपासलं जातं की पिंपावरचं आवरण मूळचं आहे का, कोणी नंतर जास्तीचं भोक पाडलं आहे का. एका भोकाने किंमत घसरते. वरचं पान मात्र कोणी मोजत नाही. ते झिजतं, बदलायचंच असतं, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तर ते प्लास्टिकचंच आहे. मोल पिंपाचं.

आपल्याकडे हिशेब उलटा आहे. तबल्याचा, ढोलकीचा जीव पुडीत, पुडीचा जीव शाईत. लोखंडाची बारीक पूड आणि खळ घोटून थरावर थर चढवलेलं ते काळं वर्तुळ काय करतं, हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमारांबरोबर १९२० सालीच ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, नुसता धबधब आवाज येतो. मधोमध वजन चढवलं की तेच उपस्वर तारेसारखे सुरात बसतात. ही कामगिरी मढवणाऱ्याच्या बोटांची. आणि ती टिकत नाही. शाई उडते, पुडी बसते, वादी सैल होते. म्हणून ‘साठ वर्षांपूर्वीच्या तबल्याचा साठ वर्षांपूर्वीचा आवाज’ असं कोणी विकत असेल तर तो हवा विकतो आहे. खोड जुनं असेल, चांगल्या शिसवीचं असेल, त्याचे पैसे द्या. आवाजाचे पैसे मढवणाऱ्याला द्यायचे असतात, आणि ते वेगळे.

खंजेरीला शाई नाही. तिथे लाकूड, झांजा आणि कातडं एवढंच. पैकी कातडं बाद झालं. उरलं कडं आणि झांजा. जुनं, चांगलं वाळलेलं कडं आणि जुन्या पितळी झांजा यांचे पैसे मोजायला मी तयार असतो. तेव्हा मी सरळ सांगतो, कातडं बकरीचं असेल तर बोलू. सुदैवाने पुष्कळ जुन्या खंजेऱ्या बकरीच्याच असतात आणि विकणारा भाव चढवायला त्यांना घोरपडीच्या म्हणत असतो. ही तर कमालच आहे. गुन्हा केलेला नाही, तरी तो केल्याची जाहिरात!

संदेशात नसलेली आणखी एक गोष्ट मालकीची, आणि गडचिरोलीत ती सगळ्यात नाजूक.

एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याकडून कधीकधी फोटो येतात ते खंजेरीचे नसतात. शिवणीच्या खोडातून कोरलेला लांबट ढोल, मांदरी, काळपट झालेली वादी, दोन्ही तोंडांना वर्षानुवर्षांच्या थापांचा डाग. पाठवणारा गावातलाच तरुण असतो, क्वचित बाहेरचा दलाल. दिल्ली-मुंबईत अशा ढोलांना गिऱ्हाईक आहे. वाजवणारं नव्हे. दिवाणखान्यात ठेवून वर काच टाकली की त्याचं चहाचं टेबल होतं. रेला नाचताना रात्र रात्र ज्याने पाय हलवले त्याच्यावर बशी ठेवायची.

इथे मी किंमत विचारतच नाही. विचारतो, ढोल कोणाचा? घरचा असेल तर घरातल्या मोठ्यांना माहीत आहे का? पण बहुतेकदा तो गोटुलचा असतो, म्हणजे गावाचा. माडियांच्या गावात गोटुल ही नुसती नाचायची जागा नव्हे. गाव तिथे बसतं, पाहुणा तिथे उतरतो, निवाडे तिथे होतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढ्याने, ज्याला सगळे मेंढा-लेखा म्हणून ओळखतात, गोटुलसाठी सागाचं लाकूड वापरलं तेव्हा वनखात्याने ते गोटुल मोडलं, आणि गावाने ते पुन्हा उभं केलं. याच गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथला नियम असा की निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. अशा मुलखातला गावाचा ढोल एका माणसाच्या मोबाइलवरून, एका फोटोवर, दुपारच्या जेवणाआधी विकला जावा? त्या पोराला दोष देऊन काय करायचं. त्याला रिचार्ज हवा असतो, गाडीचा हप्ता असतो. पण घेणाऱ्याला तर दम धरता येतो.

राजुरा, कोरपना, जिवतीचा पट्टा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथल्या गोंड गावांत दिवाळीच्या सुमाराला नाचणाऱ्यांची दंडार निघते. निघण्याआधी वाद्यं बाहेर काढून, मांडून त्यांची पूजा होते. ज्या वस्तूला वर्षातून एकदा गाव नमस्कार करतं तिला ‘सेकंडहँड’ या रकान्यात कसं टाकायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. माझ्यापुरता नियम मी केला आहे: पूजेतलं वाद्य, गोटुलचं वाद्य, आणि शिकारीच्या कातड्याचं वाद्य घेणार नाही, दुसऱ्याला घेऊन देणार नाही. शेवटच्यात घोरपडीबरोबर चितळ-सांबरही आले. जुन्या ढोलांवर तीही कातडी असत.

कोणी म्हणेल, मग संग्रह कसे झाले? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं अख्खं दालन आहे, ते काही आकाशातून पडलं नाही. बरोबर आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर गावोगाव, वाडोवाडी हिंडले, माजघरांत बसले, घासाघीस केली, प्रसंगी घरातलं किडूकमिडूक मोडून पैसे उभे केले. मुलाच्या नावाने उभा केलेला तो संग्रह त्यांनी १९७५ साली राज्य शासनाच्या हाती दिला. त्यांच्याही सौद्यांत कोणाचं काही गेलंच असेल. पण ते दारात जात होते. वस्तू कोणाच्या खुंटीवर आहे, घरात म्हातारी आहे का, ती काय म्हणते, हे त्यांना दिसत होतं. आणि घेतलेली वस्तू शेवटी सगळ्यांना बघायला मिळाली. मोबाइलवरच्या सौद्यात म्हातारी फोटोच्या चौकटीबाहेर असते.

एवढं सगळं पार करूनही सौदे होतात, चांगले होतात. अदलाबदलीचे तर फारच रंगतात. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो, देसाईगंज-वडशात मंडळ्यांची लगबग उडते. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून बाहेरच्यांनाही हा प्रकार थोडाफार माहीत झाला आहे. रंगमंचापुढे बसणाऱ्या वादकांत आता ऑक्टोपॅड आला. त्यामुळे जुन्या ढोलक्या, तबल्याच्या जोड्या, पाय-पेट्या मोकळ्या होतात. ‘ढोलकी देतो, पेटी द्या’, ‘दोन खंजेऱ्यांवर एक डग्गा’ असे देवाणघेवाणीचे प्रस्ताव येतात, त्यात कधी सायकलही असते. आमच्या जंगलपट्टीला अदलाबदल नवी नाही. चारोळी देऊन मीठ घेण्याचे दिवस म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहेत, आणि त्या व्यवहारात कोण नागवलं गेलं हेही आठवणीत आहे. शहरातला भाव ज्याला माहीत तो जिंकायचा. आता एटापल्लीच्या पोराच्या हातात मोबाइल आहे, भाव त्यालाही दिसतो, आणि तो कधी कधी अवाच्या सवा मागतो. मागू द्यावं. इतक्या वर्षांची उधारी आहे, थोडी वसूल होत असेल.

काही बारकावे मात्र सांगून ठेवतो. भामरागडकडचा विकणारा दोन दिवस उत्तर देत नाही म्हणजे तो ताणून धरतोय असं समजू नका. त्याला रेंज नसते, बाजाराच्या दिवशी तो येतो तेव्हा तुमचे सगळे निरोप त्याला एकदम पोचतात. दुसरं, व्हिडिओ कॉलवर वाद्य वाजवून घेऊ नका. थाप म्हणजे गोंगाट असं समजून फोन आवाज दाबून टाकतो आणि चांगली ढोलकीही पुठ्ठ्यासारखी लागते. साधं रेकॉर्डिंग करून पाठवायला सांगा, तेही बंद खोलीत नको, ओसरीवर. खोडाचा फोटो आतून मागा. बारीक छिद्रं आणि पिवळसर भुसा दिसला तर लाकडात कीड आहे. पावसाळ्यात आवाज बसलेला असेल तर लगेच नाक मुरडू नका, कातडं ओल धरतं. उन्हात थोडं ठेवून पुन्हा वाजवायला सांगा. आणि शक्य असेल तर कुरियर टाळा. चंद्रपूरचा माणूस आणि गडचिरोलीचा माणूस असेल तर मूल गाव मध्ये पडतं. मूलच्या बसस्थानकावर दोघांनी आपापली एसटी गाठून यावं, वाद्य हातात घ्यावं, वाजवून बघावं, चहा घ्यावा, मग पैसे द्यावेत. असे सौदे मोडत नाहीत.

फसवणारे आहेतच. आमच्या भागात त्यांना एक सोंग फार शोभतं. ‘मी जवान आहे, गडचिरोलीत कॅम्पवर आहे, बदली झाली, म्हणून सामान विकतोय.’ इथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे कॅम्प खरोखरच आहेत, त्यामुळे माणूस पटकन विश्वास ठेवतो. मग ओळखपत्राचा फोटो येतो, बयाणा मागितला जातो. तुम्ही विकणारे असाल तर उलटा डाव. तो म्हणतो, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. तसं झालंच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन लावा. जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

घासाघिशीबद्दल शेवटचं. विकणाऱ्याशी करा, दलालाशी तर जरूर करा. मढवणाऱ्याशी करू नका. गावोगावी वाद्यं मढवणारी घरं कमी होत चालली आहेत, प्लास्टिकच्या पानाने त्यांचं निम्मं काम नेलं. जुनं कडं स्वस्तात मिळालं म्हणून खूश झालेला माणूस मढवणाऱ्याच्या मजुरीत पन्नास रुपये कमी करतो, हे दृश्य मला बघवत नाही. त्या खंजेरीचा आवाज काढणारा तोच असतो.

यंदा पुण्यतिथीच्या आधी फळीवरची पेटी काढाल तेव्हा एवढं करा. जुनी खंजेरी विकायला टाकायच्या आधी कातडं उजेडाकडे धरून जवळून पाहा. नुसती केसांची बारीक छिद्रं दिसली तर बकरीचं आहे. मढवून घ्या, वाजवा, नाहीतर निर्धास्त विका. मण्यांसारखे बारीक खवले ओळीने दिसले तर घोरपड आहे. मग फोटो टाकू नका, कोणाला पाठवू नका, कितीही आग्रह झाला तरी भाव सांगू नका, आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा, किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर.